हॉलंडला निघालेली झाडे

अठराव्या शतकात ऱ्हाईन नदीच्या काठावरच्या गावांना मोठ्या तराफ्याची वर्दी आधी एका लहान होडीतून मिळे. होडीवरचे निशाण दिसले की नावाडी आपापल्या नावा काठाला घेत, कोळी जाळी आवरत आणि नदीत नांगरून ठेवलेल्या तरंगत्या पिठाच्या गिरण्यांचे मालक देवाचा धावा करू लागत. काही वेळाने तराफा वळणावर दिसे. लांबी तीनशे मीटरच्या आसपास आणि वर चारशे-पाचशे माणसे. झोपायला फळ्यांची खोपटी, मुदपाकखाना, पाव भाजायची भट्टी, बियरची पिंपे आणि वाटेत कापून खायला जिवंत जनावरेही. दोन्ही टोकांना वल्ह्यांच्या रांगा आणि उंच मचाणावरून हुकूम सोडणारा म्होरक्या. एवढे धूड जागच्या जागी थांबवणे कुणाच्याच हातात नसे, त्यामुळे वाट सोडायची ती इतरांनीच.

या प्रचंड वाहनात माल असा वेगळा नव्हताच, वाहन हाच माल. हॉलंडमधल्या डोर्ड्रेख्ट बंदरात तराफा पोचला की गाठी सोडून त्याचे ओंडके विकले जात आणि तराफेवाले घरी परतत, तेही बरेचदा पायी. हे ओंडके आलेले असत शेकडो किलोमीटर दक्षिणेहून, नैर्ऋत्य जर्मनीतल्या श्वार्ट्‌सवाल्ड नावाच्या डोंगराळ अरण्यातून. मराठी वाचकाला हे अरण्य वाढदिवसाच्या केकवरून ओळखीचे आहे. ब्लॅक फॉरेस्ट केकमधले ब्लॅक फॉरेस्ट ते हेच. त्याचा काळोख मात्र चॉकलेटचा नाही. वर्षभर हिरव्यागार राहणाऱ्या, दाट सावली पाडणाऱ्या उंच झाडांचा आहे. त्यातल्या सर्वांत उंच झाडांपैकी एक म्हणजे सिल्व्हर फर.

या फरची काही खोडे पन्नास-साठ मीटरपर्यंत चढतात. सुया चपट्या, आणि प्रत्येक सुईच्या खालच्या बाजूला दोन रुपेरी रेघा. नावातली चांदी तिथली. फळ, म्हणजे शंकू, फांदीवर मेणबत्तीसारखा उभा असतो आणि पिकल्यावर झाडावरच सुटा होऊन विखुरतो. म्हणून जंगलात खाली पडलेला अख्खा शंकू उचलून जे पर्यटक फरची आठवण म्हणून घरी नेतात, त्यांच्या पिशवीत बहुधा शेजारच्या स्प्रूसचा शंकू असतो. आपल्याकडे या कुळाचे सदस्य हिमालयात उभे आहेत. खोकल्यावर घरोघरी चाटवल्या जाणाऱ्या तालीसादि चूर्णातले तालीसपत्र हे अशाच एका हिमालयी फरचे पान मानले जाते.

झाडाचा स्वभाव ठाऊक असल्याखेरीज त्याचा इतिहास कळत नाही. फरचे रोप सावलीत जन्मते आणि मोठ्या झाडांखाली शंभर वर्षे जवळपास खुरटेच राहू शकते. मरत नाही, वाढतही नाही. वरचा एखादा म्हातारा वृक्ष कोसळला, उजेड आला, की ते सरळ वर निघते. मुळे खोल जातात. उजेडाच्या शोधात वाढलेले खोड गुळगुळीत, सरळसोट आणि बराच वर जाईपर्यंत बिनफांद्यांचे असते. माणसाला या झाडात रस निर्माण झाला तो याच सरळपणामुळे आणि लांबीमुळे.

रोमनांना ही लांबी आधीच कळली होती. थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्गेतिहासात कॅलिग्युला बादशहाच्या एका जहाजाची गोष्ट नोंदवली आहे. इजिप्तहून एक भलामोठा दगडी स्तंभ रोमला आणण्यासाठी ते बांधले होते आणि त्याची डोलकाठी होती एका फरची, चार माणसांनी हात पसरून कवेत घ्यावी एवढी जाड. तो स्तंभ आज व्हॅटिकनमध्ये संत पीटरच्या चौकात उभा आहे. डोलकाठीचे काय झाले हे कुणी विचारत नाही. लाकडाच्या वाट्याला हे नेहमीचेच.

अपवाद फ्रायबुर्गच्या मोठ्या चर्चचा. तिथल्या मनोऱ्यात घंटा टांगण्यासाठी 1291 च्या सुमारास फरच्या तुळयांचा एक उंच सांगाडा उभारला गेला. 27 नोव्हेंबर 1944 च्या रात्री ब्रिटिश विमानांनी फ्रायबुर्गवर बाँब टाकले, चर्चच्या आजूबाजूचे जुने शहर जमीनदोस्त झाले, पण मनोरा आणि आतला लाकडी सांगाडा वाचला. साडेसहाशे वर्षांचे फर त्या रात्रीही घंटांचे वजन पेलत उभे होते.

तुळईपुरते लाकूड गाडीवर घालून नेता येते. तीस मीटरचा अखंड सोट डोंगरातून खाली आणायचा तर तेव्हाच्या रस्त्यांवर ते शक्य नव्हते. कापून तुकडे करावेत तर किंमत पडते. मग उरते नदी. श्वार्ट्‌सवाल्डमधून किन्त्सिग, मुर्ग, एन्त्स, नागोल्ड अशा नद्या उतरतात, पण त्या डोंगरी नद्या; उन्हाळ्यात गुडघाभर पाणी, वळणे अरुंद, जागोजागी गिरण्यांचे बंधारे. या नद्यांतून न कापलेली झाडे न्यायची तर झाडाला नदीजोगे करण्यापेक्षा नदीलाच झाडाजोगे करावे लागणार होते. तेच काम पुढची पाचशे वर्षे चालले. 1342 मध्ये व्युर्टेम्बर्ग आणि बाडेनच्या राज्यकर्त्यांनी करार करून एन्त्स, नागोल्ड आणि व्युर्म नद्यांमधून तराफ्यांची वाट खुली केली. बंधारे फोडून त्यात तराफा निसटेल एवढ्या मोऱ्या ठेवल्या गेल्या. काठ बांधून काढले. पात्रातले मोठे दगड हलवले. वर डोंगरात ओढ्यांवर बांध घालून पाणी साठवायचे, खाली तराफा बांधून तयार ठेवायचा आणि ठरल्या वेळी बांधाची दारे उघडायची, म्हणजे त्या कृत्रिम पुराच्या पाठीवर तराफा खाली सुटे. सुरुवातीचे बांध लाकूड-मातीचे होते. 1840 च्या दशकात मुर्गच्या खोऱ्यात ते घडीव दगडांचे झाले. जर्मनीत रेल्वे धावू लागली होती त्याच काळात. सरकारी गुंतवणुकीचा मुहूर्त कधीकधी असाच असतो.

यातली सर्वांत चतुर गोष्ट मात्र दोरी. एवढे सोट एकमेकांना बांधायचे, तेही असे की वळणावर तराफा वाकला पाहिजे पण तुटता कामा नये. साखळदंड महाग, तागाची दोरी कुजणारी. तराफेवाल्यांनी उत्तर जंगलातच शोधले. हेझल, फर, स्प्रूस यांची अंगठ्याएवढी किंवा मनगटाएवढी पोरगेली झाडे तोडायची, पाण्यात भिजवायची, खास बांधलेल्या दगडी भट्टीत भाजायची आणि गरम असतानाच एका दांड्याभोवती पिळून काढायची. तंतू सुटे होत आणि काठीची दोरी होई. ओंडक्यांच्या टोकांना भोके पाडून त्यातून ही पिळलेली झाडे ओवत. किन्त्सिगवर असे गाळ्यामागे गाळे जोडून सहाशे मीटरपर्यंत लांबीचे तराफे सुटत. रुंदी बंधाऱ्याच्या मोरीएवढी, लांबी अर्ध्या किलोमीटरहून जास्त. पुढच्या गाळ्यावरचे लोक वल्ह्यांनी दिशा देत. मागच्या गाळ्यात तळाशी सरकवता येणारी एक तुळई असे, तीच ब्रेक. खाली दाबली की ती नदीच्या तळात रुते आणि शेपूट ओढले जाऊन तराफा ताणला जाई. तिला वेळेवर दाबले नाही तर मागचे ओंडके पुढच्यांवर चढत आणि माणसे मध्ये सापडत.

एका तराफ्यासाठी शेकडो दोऱ्या लागत आणि प्रत्येक दोरी म्हणजे एक मारलेले रोपटे. वनाधिकारी याबद्दल सतत कुरकुर करत. म्हातारी झाडे न्यायला तरणी झाडे मारायची, हा हिशेब फार काळ चालणारा नव्हता हे त्यांना दिसत होते.

धंदा कुणाच्या हातात होता हे मुर्ग नदीच्या खोऱ्यात नीट कळते. तिथे लाकूडवाल्यांचा एक संघ होता, मुर्गशिफरशाफ्ट, म्हणजे मुर्गच्या नावाड्यांची मंडळी. त्याची नियमावली 1488 ची आहे. नाव नावाड्यांचे, प्रत्यक्षात हे लोक जंगलांचे आणि पाण्यावर चालणाऱ्या आरागिरण्यांचे हिस्सेदार. कुणी किती लाकूड कापायचे, किती फळ्या नदीत सोडायच्या, हे हिश्श्यावर ठरे. या मंडळींनी किती कमावले याचा पुरावा गेर्न्सबाख गावात अजून उभा आहे: योहान याकोब कास्ट नावाच्या लाकूडसम्राटाने 1617-18 मध्ये बांधलेला कोरीव दगडी वाडा, जो पुढे गावाचे नगरसभागृह झाला. झाडे तोडणाऱ्याने घराचे दर्शनी तोंड मात्र दगडात केले.

सतराव्या शतकाच्या अखेरीस या सगळ्याला हॉलंडची हाक आली. डच लोकांच्या देशात डोंगर नाही, म्हणावे असे जंगल नाही, आणि पायाखाली चिखल. घर बांधायचे तर आधी चिखलात खांब ठोकायचे. ॲम्स्टरडॅमच्या दाम चौकातली भव्य इमारत 1648 मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्याखाली 13,659 खांब ठोकल्याचे सांगतात. त्यात जहाजांची भर. आपल्या वेंगुर्ल्याला वखार घालून बसलेली डच ईस्ट इंडिया कंपनी 1602 ची, आणि तिच्या आधीच, 1590 च्या दशकात, कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन नावाच्या डच माणसाने पवनचक्कीवर चालणारा आरा तयार केला होता. झान नदीच्या काठी अशा चक्क्यांची रांग लागली. त्यांना लाकूड नॉर्वेहून येई, बाल्टिक समुद्राकडून येई आणि ऱ्हाईनवरूनही येई. जर्मन डोंगरातल्या सर्वांत लांब, सर्वांत जाड फरला मग ‘हॉलंडर’ हेच नाव पडले. झाड अजून जंगलात उभे, पण त्याचे नागरिकत्व बदललेले.

हॉलंडर म्हणून निवडल्या जाणाऱ्या खोडाला वीस-तीस मीटर लांबी तर हवीच, शिवाय शेंड्याकडच्या टोकालाही चांगली जाडी हवी. असे झाड तयार व्हायला दोन-तीनशे वर्षे लागत. काल्व, फोर्झहाइम इथल्या व्यापारी कंपन्यांनी राजेरजवाड्यांकडून जंगलेच्या जंगले तोडीला घेतली. राजांना रोख रक्कम हवी होती, महाल बांधायचे होते, सैन्य पोसायचे होते. व्यापाऱ्यांना भांडवल आणि धीर लागे, कारण तोडलेल्या झाडाचे पैसे हातात यायला फार वेळ जाई. वाटेत डझनावारी जकातनाकी, बिंगेनजवळचे खडक, लोरेलायची अरुंद खिंड. लहान नद्यांतले तराफे ऱ्हाईनला लागले की त्यांचे मोठे तराफे होत, आणि खिंड ओलांडल्यावर आंडरनाखजवळ त्यांचे आणखी मोठे तराफे बांधले जात. सुरुवातीला सांगितलेले धूड तिथून सुटे.

या पैशाने डोंगरातल्या माणसाचे काय केले ते विल्हेल्म हाउफ या तरुण लेखकाने एका कथेत लिहून ठेवले. हाउफ 1827 मध्ये जेमतेम पंचविशीच्या उंबरठ्यावर वारला. त्याच्या अखेरच्या काळातली ‘थंड काळीज’ ही परीकथा श्वार्ट्‌सवाल्डमध्येच घडते. नायक पेटर हा गरीब कोळसे पाडणारा. मांडीपर्यंत बूट घालून खिशात चांदी खुळखुळवत फिरणारे तराफेवाले पाहून त्याचा जळफळाट होतो. जंगलात दोन शक्ती आहेत: एक ठेंगणा, भला, काचेचा बुटका आणि दुसरा ‘हॉलंडचा मिखेल’ नावाचा राक्षसी लाकूडतोड्या, ज्याने म्हणे लोकांना लाकूड थेट हॉलंडला न्यायला शिकवले. मिखेल पेटरला हवा तेवढा पैसा देतो आणि बदल्यात त्याचे काळीज काढून घेऊन छातीत दगड बसवतो. जर्मन मुले ही गोष्ट आजही वाचतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात या व्यापाराचा एवढा स्पष्ट ताळेबंद सापडणार नाही. हाउफने सैतानाला व्यापाऱ्याऐवजी लाकूडतोड्याचा वेश दिला, एवढी मात्र त्याने आपल्या वाचक शेठजींवर मेहेरबानी केली असे म्हणावे लागेल.

डोंगर खरेच उघडे पडत होते. एकट्या हॉलंडला दोष देणे बरोबर नाही. काचेच्या भट्ट्या, लोखंडाच्या भट्ट्या, कोळसा, राखेपासून क्षार काढणारे, जंगलात चरणारी गुरे, सगळ्यांनीच आपला वाटा उचलला. अठराव्या शतकाच्या अखेरीस मोठमोठे उतार बोडके झाले होते. पुन्हा लागवड करायची ठरली तेव्हा फरचा स्वभाव आड आला. सावलीत जन्मणारे रोप उघड्या माळावर वसंतातल्या उशिराच्या गोठवणाऱ्या थंडीने करपते. स्प्रूसला तसे काही नाही. त्याचे बी स्वस्त, उघड्यावर पेरा, भरभर वाढते, सरळ वाढते. राज्यांचे वनखाते शिस्तीचे भोक्ते होते; एकाच वयाच्या स्प्रूसच्या रांगा मोजायला आणि कापायला सोप्या. जंगल हिरवे झाले, पण बहुतांश दुसऱ्याच झाडाने. आज पर्यटक ज्या रांगांचे फोटो काढून प्राचीन अरण्य म्हणून दाखवतात, त्यातल्या कितीतरी एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी लागवडी आहेत.

फर टिकले ते मुख्यतः शेतकऱ्यांच्या हातात. किन्त्सिग आणि वोल्फच्या खोऱ्यांत शेत आणि रान वाटण्या न करता एकाच वारसाकडे जाई. असा शेतकरी रान कधी साफ करत नसे. मुलीचे लग्न, छपराची दुरुस्ती, एखादे कर्ज, अशी गरज पडली की दोन-चार मोठे वृक्ष निवडून काढायचा. त्या जागी उजेड उतरे आणि खाली पन्नास-शंभर वर्षे थांबलेले फर उठे. शिकलेल्या वनाधिकाऱ्यांना ही रीत बराच काळ अडाणी आणि बेशिस्त वाटत होती. आता तीच वनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवायला नेतात.

या शास्त्राचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. 1864 मध्ये हिंदुस्थानचे पहिले इन्स्पेक्टर जनरल ऑफ फॉरेस्ट्स झालेले डीट्रिश ब्रांडिस मूळचे बॉनचे, म्हणजे याच ऱ्हाईनच्या काठचे. त्यांच्यामागून त्या पदावर आलेले श्लिख आणि रिबेनट्रॉप हेही जर्मनच. हिंदुस्थानात नेमायच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्यांना 1867 पासून बरीच वर्षे फ्रान्समधल्या नान्सीच्या वनविद्यालयात पाठवत, आणि जवळच्या व्होज डोंगरात त्यांनी पाहिलेली जंगले याच सिल्व्हर फरची. हिमालयात आल्यावर त्यांना नातलग झाडे भेटली, शेतकऱ्यांची निवडून तोडायची रीत मात्र स्थानिक लोकांत शोधायची फारशी गरज वाटली नाही.

तराफ्यांचा शेवट झटपट झाला. किन्त्सिग खोऱ्यात ओफेनबुर्गहून हाउसाखपर्यंत रेल्वे 1866 मध्ये आली आणि 1886 मध्ये शिल्टाखलाही पोचली. शिल्टाख तर तराफेवाल्यांचेच गाव. आठ वर्षांत तिथला तराफ्यांचा धंदा आटोपला. नागोल्डवर तो 1911 पर्यंत रेंगाळला. जहाजे लोखंडाची झाली होती, डोलकाठीची गरज संपली होती आणि आगगाडीच्या डब्याला तीस मीटरचा सोट गैरसोयीचाच. जी लांबी टिकवण्यासाठी नद्या बदलल्या, ती आता कापून टाकायची गोष्ट झाली.

पुढच्या शतकात फरची आठवण झाली ती आजारपणामुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच ताबा असलेल्या भागात भरपाई म्हणून उतारच्या उतार तोडले गेले आणि पुन्हा स्प्रूस लावले गेले. 1970 च्या दशकात उरलेल्या फरच्या सुया पिवळ्या पडून गळू लागल्या. शेंडा वाढायचा थांबून चपटा होई, करकोच्याच्या घरट्यासारखा, आणि वनरक्षक त्याला घरटेच म्हणत. नोव्हेंबर 1981 मध्ये ‘डेर श्पीगल’ साप्ताहिकाने आम्ल पावसाने जंगल मरत असल्याची मुखपृष्ठकथा छापली आणि देश हादरला. 1983 मध्ये ग्रीन पक्ष पहिल्यांदा जर्मन संसदेत पोचला. त्याच वर्षी मोठ्या वीजकेंद्रांच्या धुराड्यांवर गंधकाच्या वायूची मर्यादा घालणारा नियम आला. हवा सुधारली तसे फरही सावरले. भाकिते केली होती तेवढे जंगल मेले नाही, म्हणून काही लोक आज त्या भीतीची थट्टा करतात. धुराडी साफ झाली म्हणून मेले नाही, हे त्यांना सांगावे लागते.

26 डिसेंबर 1999 ला लोथार नावाचे वादळ आले. एकट्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात सुमारे तीन कोटी घनमीटर लाकूड आडवे झाले. उथळ मुळांचे स्प्रूस रांगेने पडले. खोल मुळांचे फर तुलनेने अधिक टिकले. 2018 पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांत साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी स्प्रूसचा आणखी फडशा पाडला, तेव्हा वनखात्याने स्प्रूसच्या सावलीत पुन्हा फर पेरायला घेतले. अडचण हरणांची. फरची कोवळी सुई त्यांना इतकी आवडते की कुंपण किंवा शिकार यांपैकी काहीतरी केल्याशिवाय रोप गुडघ्याच्या वर येत नाही. त्यामुळे फरचे भवितव्य आज वनशास्त्रज्ञांपेक्षा शिकारीचे परवाने घेणाऱ्यांशी होणाऱ्या वाटाघाटींवर अधिक ठरते.

डिसेंबर 2022 मध्ये तराफेबांधणीची कला युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. जर्मनी, ऑस्ट्रिया, पोलंडसह सहा देशांनी मिळून अर्ज केला होता. शिल्टाखचे हौशी तराफेवाले भट्टी पेटवून अजून झाडांच्या दोऱ्या पिळतात. मुर्गचा संघही मोडलेला नाही. मोठा हिस्सा आता राज्य सरकारकडे असला तरी फोरबाखच्या आसपासचे हजारो हेक्टर रान अजून त्याच जुन्या नावावर आहे. त्या रानात आणि शेतकऱ्यांच्या रानात जाड, उंच, म्हातारे फर पुष्कळ आहेत. मात्र आजच्या आरागिरण्यांची यंत्रे मध्यम जाडीच्या ओंडक्यांसाठी बसवलेली असतात. कवेत न मावणारे खोड त्यांच्या तोंडात जात नाही, आणि ज्या झाडाला एके काळी हॉलंडहून सर्वांत चढा भाव येई, त्याला गिऱ्हाईक मिळवताना मालकाला भाव पाडून द्यावा लागतो.